परवाच तर भरलंय

पडदेवाल्यांना सगळे पडदेवालेच म्हणत. बँकेतला कारकूनसुद्धा सही पडताळून पाहीपर्यंत त्याच नावानं हाक मारायचा. उभा जन्म दुसऱ्यांच्या खिडक्या झाकण्यात गेला. स्वतःच्या खोलीच्या खिडकीला मात्र जुन्या चादरीचा तुकडा अडकवलेला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

धंदा दोघांचा होता. पडदेवाले शिडीवर चढून टेप लावायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे. खाली त्यांची बायको उभी असायची. तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनी आकडा ऐकायच्या, मान हलवायच्या आणि पुढच्या खिडकीकडे जायच्या. लिहून कुणीच घ्यायचं नाही. घरी आल्यावर कापड पसरून वहिनी खडू मारायच्या, कात्री चालवायच्या, आणि पडदा खिडकीला असा बसायचा की जणू खिडकीच पडद्याच्या मापानं पाडली असावी. एका शाळेचं काम होतं तेव्हा मुख्याध्यापक काळजीनं म्हणाले होते, "बाई, एवढ्या खिडक्या आहेत, लिहून तरी घ्या." वहिनी म्हणाल्या, "कागद हरवतो, सर."

त्यांचं डोकं होतंच तसं. शेजारणींचं भांडण कशावरून सुरू झालं हे शेजारणी विसरायच्या, वहिनी विसरायच्या नाहीत. पडदेवाल्यांनी यामुळे आयुष्यात कधी काही लक्षात ठेवलं नाही. चष्मा कुठे आहे, भाच्याचं लग्न कधी झालं, दुधवाल्याला काय सांगायचंय, सगळं तिकडे विचारायचं. घरात विहीर असताना घागर भरून कोण ठेवतो?

जुनी स्कूटर थकली तेव्हा त्यांनी नवी मोटारसायकल घेतली. बाजूला पडद्यांचे रॉड बांधायला लोखंडी कड्या लावून घेतल्या, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की गाडी गुणाची आहे, पण पेट्रोलचा काटा लबाड आहे. टाकी अर्धी होईपर्यंत काटा भरलेलाच दाखवायचा, मग एकदम आडवा व्हायचा. कधी उतारावर टाकी भरायचा आणि चढावर रिकामी करायचा.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरची मुलगी गोड बोलायची. "नवीन गाडीत असं होतं, काका. सवय होईल."

"सवय कुणाला होईल, मला की काट्याला?" पडदेवाले म्हणाले. "आणि वॉरंटी कशासाठी दिलीय? फ्रेम करून भिंतीला लावायला?"

मुलगी हसली आणि पार्ट मागवते म्हणाली. वॉरंटीतला पार्ट कसा येतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. आज येतो, उद्या येतो, वरून पाठवलाय, वाटेत आहे. तोवर गाडी चालवायची होती, तर काट्याचं काम वहिनींकडे आलं. सकाळी रॉड बांधून झाले की पडदेवाले मान वळवून विचारायचे, "किती आहे गं?" मागं बसता बसता वहिनी सांगायच्या, "मंगळवारी भरलंय. मग वकिलांकडे गेलो, मग लॉजच्या खिडक्या. उद्या संध्याकाळपर्यंत बघायला नको." आणि उद्या संध्याकाळपर्यंत खरंच बघायला लागायचं नाही. गाडी एकदाही वाटेत थांबली नाही.

शेवटी पार्ट आला. टाकीतला, काट्याला पातळी सांगणारा तरंगता भाग बदलला, मीटर बदललं, एक पैसा लागला नाही. पडदेवाले खुशीत घरी आले.

"म्हणजे आता माझी सुट्टी," वहिनी म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण थोड्या खट्टू झाल्या होत्या.

"तुला कुठली सुट्टी? यंत्रावर विश्वास ठेवायला मी काय वेडा आहे?" पडदेवाले म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी काट्याकडे ढुंकून न पाहता मागं वळून विचारलं. ही त्यांची लाडीगोडी होती. बायकोला फुलं आणणाऱ्यातले ते नव्हते.

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती पुलाच्या चढावर. काटा लाल रेघेच्याही खाली होता. पण निघताना वहिनी म्हणाल्या होत्या, "परवाच तर भरलंय." पडदेवाल्यांनी गाडी एका बाजूला आडवी केली, टाकी हलवून कान लावला. आत ठणठणाट. दोघांनी पंपापर्यंत गाडी ढकलत नेली. ते पुढून हँडल धरून, त्या मागून, डोक्यावर पडद्यांचं गाठोडं. पंपवाल्यानं मागच्या वेळी माप मारलं असणार, असं पडदेवाल्यांनी ठरवून टाकलं आणि त्या पंपाचं तोंड पाहणं सोडलं.

दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा त्यांनी ठरवलं की रात्री जिन्याखाली लावलेल्या गाडीतून कुणीतरी पेट्रोल काढून घेतं. टाकीला कुलूप असतं हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूशी बोलणं बंद केलं.

त्याच सुमारास दातांच्या डॉक्टरांकडचे पडदे वीतभर तोकडे झाले. असं कधी झालं नव्हतं. डॉक्टर नुसते खिडकीखालून येणाऱ्या उन्हाकडे बघत राहिले. पडदेवाले म्हणाले, "कापड आटलं, साहेब. हल्ली गिरण्या असलंच कापड देतात." वहिनी शिडी धरून उभ्या होत्या. त्या खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिल्या.

पंप झाला, भाडेकरू झाला, गिरणी झाली. माणसाला एखादी गोष्ट बघायची नसली की त्याला चोरांचा तुटवडा पडत नाही. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली आणि पडदेवाले तावातावानं सर्व्हिस सेंटरला गेले. काट्याचा नायटा व्हायच्या आत याचा निकाल लावायचाच, असं त्यांनी घरी सांगितलं होतं.

"नवीन मीटरपण खोटं आहे," ते म्हणाले. "परवा टाकी फुल केली, आज लाल दाखवतंय. एकतर गाडी पेट्रोल पितेय, नाहीतर तुमचा काटा."

मेकॅनिक सरळ माणूस होता. हातातला पाना ठेवून त्यानं टाकी पूर्ण रिकामी केली, पडदेवाल्यांना स्टूल दिलं आणि म्हणाला, "बघा, काका." मग मापाच्या डब्यानं एकेक लिटर पेट्रोल ओतत गेला. प्रत्येक डब्याला काटा थोडा वर सरकत होता. तीन डबे झाले तेव्हा काटा जिथे असायला हवा होता तिथेच होता. मेकॅनिकनं टाकीखाली कोरडा कागद धरला, नळी तपासली, झाकण तपासलं. कागद कोरडाच राहिला.

"काटा बरोबर आहे, काका. गळतीपण नाही."

पडदेवाले काट्याकडे बघत राहिले.

"शेवटचं पेट्रोल कधी भरलंत?"

"परवा."

"तुम्ही स्वतः भरलंत?"

पडदेवाल्यांनी आठवायचा प्रयत्न केला. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः काहीतरी आठवायचा प्रयत्न केला. पंप आठवला, नळी धरलेला हात आठवला. रॉड बांधलेले होते. कुठले रॉड? पांढरे, पातळ. दातांच्या डॉक्टरांचे. म्हणजे ती परवाची गोष्ट नव्हती, गेल्या आठवड्यातली पण नव्हती. कापड आटलं नव्हतं. भाडेकरू चोर नव्हता.

"पुन्हा एकदा बघता का?" ते म्हणाले.

"काका, आत्ताच तुमच्यासमोर..."

"पुन्हा बघा ना. वॉरंटी आहे ना अजून?"

"वॉरंटी आहे हो. पण बिघाडच नाही, तर बदलू काय?" मेकॅनिक म्हणाला. पुढच्या गाडीचा मालक घाई करत होता. पडदेवाल्यांना तिथेच स्टुलावर बसून रडावंसं वाटलं. हा काटा मोडका निघावा म्हणून त्यांनी त्या क्षणी जेवढी प्रार्थना केली, तेवढी उभ्या जन्मात कशासाठी केली नव्हती.

घरी वहिनी मशीनवर बसल्या होत्या. "काय म्हणाले?"

"खोटाच आहे म्हणाले. नवीनपण तसलाच निघाला."

"मी म्हणत नव्हते?"

"म्हणत होतीस."

वहिनींनी पाय मशीनवर ठेवला आणि शिवण पुढे सुरू केली. लोकांच्या खिडक्यांवर पडदे टाकणाऱ्या माणसानं आपल्याच घरात पडदा टाकला, आणि तोही मापात बसला असं त्याला वाटलं.

तेव्हापासून पडदेवाले रोज सकाळी दूध आणायला म्हणून गाडी काढू लागले. वहिनींची वेणी होईपर्यंत पंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरून आणायचे. म्हणजे वहिनी परवा म्हणोत नाहीतर काल, गाडी थांबायची नाही. शिडीवर चढले की आकडा मोठ्यानं सांगायचे आणि तोच आकडा वळून, हळूच, पेननं तळहातावर टिपायचे. संध्याकाळी वहिनींनी खडू मारला की काहीतरी शोधायच्या मिषानं कापडावरून वाकायचे. चुकलेलं दिसलं की म्हणायचे, "मीच सांगताना चुकलो बघ, दोन बोटं जास्त धर." वहिनी दोन बोटं जास्त धरायच्या. बायकोच्या चुका अंगावर घ्यायची पडदेवाल्यांना सवय नव्हती, पण ती लागली. डॉक्टरकडे मात्र त्यांनी तिला नेलं नाही. काटा खोटा आहे असं म्हणत राहिलं तोवर ती खरी होती, आणि तिथे गेलं की कुणीतरी स्टूल देऊन म्हणणार, बघा, काका.

एके दिवशी ते पंपावरून परतले तर वहिनी वेणी न घालताच खुर्चीवर बसलेल्या. मांडीवर पडदेवाल्यांचा फोन होता. तो घरीच राहिला होता.

"दूध?" वहिनींनी विचारलं.

पडदेवाल्यांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं. "विसरलो."

"तुम्ही नका विसरत जाऊ. विसरायला मी आहे ना घरात."

पडदेवाले दारातच उभे राहिले.

"सर्व्हिस सेंटरच्या मुलीचा फोन होता. वॉरंटी संपतेय म्हणाली, काही तक्रार आहे का. मी म्हटलं, काट्याचं काय झालं? तर म्हणाली, काकू, काटा तर बरोबर आहे, काकांना समोर मोजून दाखवलं होतं." वहिनींनी फोन टेबलावर ठेवला. "मग मी म्हटलं, नाही, काही तक्रार नाही."

"अगं, त्या पोरीला काय कळतंय..."

"हात बघू."

त्यांनी हात पुढे केला नाही. वहिनी उठल्या, त्यांनी स्वतःच तो हातात घेतला आणि तळव्यावरचे कालचे पुसट आकडे अंगठ्यानं चोळले.

"मला आधीपासून ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांच्या पडद्यापासून. पण तुम्ही काट्याशी एवढं भांडत होतात, म्हणून म्हटलं, असेलही काट्याचंच." त्यांनी तो हात सोडला नाही. "आता जाऊ डॉक्टरकडे, तुम्ही म्हणाल तेव्हा. पण एक करा. मला विचारायचं बंद करू नका. चुकीचं सांगितलं तरी विचारत जा."

पडदेवाले रडले. दारात उभं राहून, डोळ्यांवर हात घेऊन, मोठ्या माणसाला शोभत नाही तसे रडले. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी वेणी घातली, गाठोडं बांधलं, टेप आणि खडू पिशवीत टाकला.

खाली पडदेवाल्यांनी रॉड बांधले. किल्ली फिरवली, तसा काटा उठून वर टोकाला जाऊन टेकला. वहिनी मागं बसल्या, त्यांनी एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. पडदेवाल्यांनी मान वळवली.

"किती आहे गं?"

वहिनी विचार करत राहिल्या. समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं, भाडेकरू सायकल घेऊन बाहेर पडला, तरी त्या विचार करत होत्या. खांद्यावरची बोटं घट्ट झाली.

"नाही हो आठवत," त्या म्हणाल्या.

"परवाच तर भरलंय," पडदेवाले म्हणाले, आणि त्यांनी गाडी काढली.