मागच्या चाकांचा कैवारी

सिंगापुरात बर्फ पडत नाही हा या बेटाने आपल्याविरुद्ध मुद्दाम केलेला कट आहे, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. बाकीची मराठी मंडळी इथे उकाड्यावर कुरकुरतात, घरभाड्यावर कुरकुरतात, मिळणाऱ्या कोथिंबिरीला वास नाही म्हणून कुरकुरतात. साडू सकाळी उठून मोबाइलवर हवामान बघतात, बत्तीस अंश दिसले की परीक्षेत नापास झाल्यासारखा चेहरा करतात आणि म्हणतात, "आजही नाही." हे ते वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत, आणि एकदाही त्यांच्या आवाजातली निराशा शिळी झालेली मी ऐकली नाही.

याचं मूळ कॅनडात आहे. लग्नानंतर साडू आणि माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, तिथल्या एका लहानशा गावी नोकरीनिमित्त राहत होते. वर्षातले निम्मे महिने तिथे बर्फ. नवा माणूस आला की आधी जाड कोट घेतो आणि मग चारही चाकांना जोर असलेली दणकट गाडी घेतो. साडूंनी कोट घेतला आणि मग दोन आसनांची, बुटकी, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार घेतली. साध्या गाडीत बहुधा इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असतो, ती बिचारी गाडीला ओढत नेतात. साडूंच्या गाडीत तो मागच्या चाकांना, आणि बर्फ लागला की ती मागची चाकं पुढच्यांना न विचारता आपल्या वाटेने निघतात. शेजाऱ्यांनी सांगून पाहिलं, ऑफिसातल्यांनी सांगून पाहिलं. पण पुण्यात वाढलेल्या माणसाला चार जणांनी एकच सल्ला दिला की तो सल्ला आपोआप चुकीचा ठरतो. "पुढच्या चाकांची गाडी चालवावी लागतच नाही हो," साडू मला सांगतात, "तीच तुम्हाला नेते. मागच्या चाकांच्या गाडीला माणूस लागतो." मी आयुष्यभर एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, हिंडलेला, त्यामुळे मी माणूस आहे की नाही हा प्रश्न ते सौजन्याने टाळतात.

पुढे सिंगापूरला बदली झाली आणि इथे येऊन साडूंनी पुन्हा तसलीच गाडी घेतली. निळी. बुकित पंजांगच्या त्यांच्या इमारतीखाली ती उभी असते आणि तिचा हिवाळा बारा महिने चालू असतो. डिकीत, मागच्या चाकांच्या वर बरोबर, वाळूची दोन पोती. का, तर मागे वजन असलं की चाकं बर्फ धरतात. शेजारी घडीचं फावडं, एक घोंगडी, आणि बर्फात अडकून रात्र काढावी लागली तर उबेसाठी डब्यातली मेणबत्ती. रात्री गाडी लावली की ते काचेवरचे वायपर उचलून उभे करतात, नाहीतर ते काचेला गोठून चिकटतात. त्या वायपरांना बघून इमारतीचा रखवालदार पहिल्या आठवड्यात धावत वर आला होता, कुणीतरी तुमची गाडी मोडतंय म्हणून. साडूंनी त्याला खाली नेऊन सगळं शास्त्र समजावलं. तेव्हापासून तो रखवालदार साडू दिसले की दुसऱ्या जिन्याने जातो.

दसऱ्याला ते गाडीची पूजा करतात. झेंडू, हळद-कुंकू, नारळ, सगळं रीतसर. पण लिंबं मात्र दोनच, आणि तीही मागच्या चाकांखाली. मी एकदा विचारलं, "साडू, पुढच्या चाकांनी काय घोडं मारलंय?" ते गंभीरपणे म्हणाले, "त्यांनी कामच काय केलंय?" त्यांची लेक, जी इथेच जन्मली आणि शाळेत जाऊन पक्की इथली झाली, ती लांब खांबाआड उभी राहून म्हणत होती, "बाबा, फास्टर लाह, एव्हरीवन लुकिंग!" पण साडूंचा नारळ फुटेपर्यंत त्यांना कुणी घाई करू शकत नाही.

जेवायला बोलावलं की ते ताटात धडा देतात. वरणाची वाटी म्हणजे गाडी, भात म्हणजे बर्फ. "शेपूट डावीकडे घसरलं, तर स्टिअरिंगही डावीकडेच फिरवायचं. मन सांगेल उजवीकडे. मनाचं ऐकायचं नाही." एवढं बोलून ते वाटी भातावरून अशी काही सरकवतात की वरण माझ्या पापडावर येतं. हा सिद्धांत ते कशालाही लावतात, लेकीच्या गणिताच्या मार्कांना आणि माझ्या ऑफिसच्या राजकारणालाही. खरी अडचण अशी, की या शहरात घसरायची सोयच ठेवलेली नाही. पाऊस थांबायच्या आत रस्ते वाळतात. वळणाआधी पाटी असते, आणि ती पाटी येतेय हे सांगणारी दुसरी पाटी असते. जिथे कुणाचंच काही चुकत नाही, तिथे चुकलेलं सावरण्याची कला कुणाला दाखवायची? टॅम्पिनीसच्या एका होतकरू इंजिनिअरला कॅनडात नोकरी लागली तेव्हा मात्र साडूंना शिष्य मिळाला. पोह्यांवर पोहे करून ताईंचे हात दुखले, इतकं त्याचं शिक्षण चाललं. तिथे पोचल्यावर त्याचा मेसेज आला की घर ऑफिसच्या समोरच आहे, गाडी घेत नाही. साडूंनी दोन दिवस गाडीचे वायपर उभे केले नाहीत.

वाळूने एकदाच तोंडघशी पाडलं. आम्ही दोघं जोहोरला सीमेपलीकडे जेवायला गेलो होतो. परतताना तपासणीच्या अधिकाऱ्याने डिकी उघडली. आता या देशाने अर्धा किनारा वाळू ओतून समुद्रातून वर काढलेला, आणि शेजारचे देश वाळू द्यायला नाखूश. त्यामुळे मलेशियातून येणाऱ्या गाडीत वाळूची पोती म्हणजे काही साधी बाब नाही.

"व्हॉट इज धिस?" त्याने विचारलं.

"सॅण्ड," साडू म्हणाले.

"फॉर व्हॉट?"

"फॉर स्नो."

अधिकारी वाकून पुन्हा पोत्यांकडे बघू लागला. मग हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "अंकल, हिअर गॉट नो स्नो."

"दॅट इज एक्झॅक्टली द प्रॉब्लेम," साडू कळवळून म्हणाले. पोती उघडली गेली, चाळली गेली, यंत्रातून गेली. संध्याकाळ झाली तेव्हा कुठे ती परत मिळाली, आणि साडूंनी त्या अधिकाऱ्याला ती चाकांच्या नेमकी वर कशी ठेवायची तेही दाखवलं.

पण इथे गाडी घेतली तरी ती दहाच वर्षं आपली. मग सरकारी परवाना संपतो. नवा काढायचा तर किंमत ऐकूनच डोळे पांढरे होतात, म्हणून ताईंनी आधीच जाहीर केलं, "आता पुरे. मी इतकी वर्षं ट्रेनने जातेच आहे, तुम्हीही जा." आणि खरंच, ताई सकाळी लवकर ट्रेनने निघायच्या, साडू मागाहून गाडीने, आणि दोघांची गाठ रात्रीच्या जेवणालाच पडायची. आता गाडीपुढे दोनच वाटा होत्या. परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर जहाजाने तिकडे जायचं, नाहीतर महिनाअखेरीला सरळ भंगारात. साडू वाळले. भंगाराचं नाव काढलं की ते उठून गॅलरीत जायचे. पण म्हणून कुणाच्याही गळ्यात गाडी बांधायला ते तयार नव्हते. उपवर मुलीच्या बापासारखे ते दलालांकडे खेपा घालू लागले, आणि पहिला प्रश्न एकच: तिथे बर्फ पडतो का?

"अंकल, सेल वेअर ऑल्सो कॅन," एक दलाल वैतागून म्हणाला, "कार ओन्ली, नॉट युवर डॉटर."

एका उष्ण बेटावरचं चांगलं गिऱ्हाईक त्यांनी तिथल्या तिथे परत पाठवलं. ताई कपाळाला हात लावून बसल्या. शेवटच्या आठवड्यात न्यूझीलंडच्या दक्षिणेकडचा एक माणूस तयार झाला. दलालाने डोंगराचा फोटो दाखवला. तो मला एखाद्या कॅलेंडरवरचा वाटला, पण डोंगरावर बर्फ होता आणि साडूंचे डोळे भरून आले होते, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

गाडी जुरोंगच्या एका आवारात नेऊन द्यायची होती. त्या दिवशी ताईंनी अर्धी रजा टाकली आणि कितीतरी वर्षांनी त्या बुटक्या सीटवर जाऊन बसल्या. मी जुरोंग ईस्टपर्यंत ट्रेनने आणि पुढे बसने त्यांच्याआधी पोचलो. आवाराच्या फाटकापाशी छोटा चढ होता. निळी गाडी आली, निम्मा चढ चढली, खोकली आणि बंद पडली. गाडी द्यायचीच आहे, मग त्या लोकांना फुकट पेट्रोल कशाला, असा हिशेब करून साडूंनी आठवडाभर टाकीत थेंब घातला नव्हता.

"अंकल, व्हाय नेव्हर पंप पेट्रोल?" दलाल फाटकातून ओरडला. साडू स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते. इतका लाजलेला माणूस मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात ताई उतरल्या. त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, ओढणी कमरेला खोचली आणि गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी धावत जाऊन डिकीला हात लावला तर म्हणाल्या, "मधे नको, पत्रा दबतो. कोपऱ्याला धरा. आणि पाय आधी रोवा, मग जोर." मग त्यांनी तळहाताने डिकीवर दोनदा थापटलं. आतून साडूंनी, आरशातही न बघता, ब्रेक सोडला. गाडी हलली. ताई ढकलत होत्या, साडू चाकं सरळ धरत होते, आणि दोघांत एका शब्दाचीही गरज पडत नव्हती. मी नुसता हात लावून पळत होतो.

चढ संपल्यावर मी धापा टाकत विचारलं, "ताई, हे कुठे शिकलात?"

"कुठे म्हणजे?" त्या हात झटकत म्हणाल्या. "रोज सकाळी हेच तर असायचं. हे चालवायचे, मी ढकलायची. कोट घातलेला असायचा, एवढाच फरक."

इतक्या वर्षांच्या बर्फाच्या गोष्टींत साडूंनी हे कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते किल्ली दलालाच्या हातात देत होते, आणि मला एकदम त्यांची फार माया आली. हा माणूस बर्फासाठी झुरतो असं आम्ही सगळे समजत होतो. परक्या गावात, नात्याचं कुणी नसताना, रोज सकाळी दोघांनी मिळून एक गाडी रस्त्याला लावायची, ते दिवस तो शोधत होता. इथे सगळं आपोआप चालतं, आणि दोघं आपापल्या वेळी आपापल्या दाराने बाहेर पडतात.

परतताना बसमध्ये ती दोघं माझ्या पुढच्या बाकावर बसली होती. साडूंना मोकळ्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "अगं, सकाळी तू किती वाजता निघतेस?"

"सव्वासातला. का हो?"

"काही नाही," साडू म्हणाले. "मीही येतो."