पान ऐंशीनंतर

कुणी माझ्या लिखाणाची स्तुती केली की मला आधी शंका येते. स्वभावच तसा आहे, आणि स्वतःच्या खर्चाने कादंबरी छापल्यापासून तो बळावलाय.

आमच्या साहित्यिक मंडळींची एक रीत आहे. शिवाजी पार्कचा कट्टा असो की गिरगावातलं वाचनालय, एकमेकांना पुस्तकं सप्रेम भेट द्यायची आणि पुढच्या कार्यक्रमात 'वाचलं हं, सुंदर झालंय' म्हणायचं. मीही न वाचलेल्या कैक पुस्तकांना सुंदर म्हटलंय. तरी स्वतःच्या पुस्तकाबद्दल ऐकलं की जीव सुखावायचाच.

फणसवाडीतल्या एका वाचनालयाने माझ्या कादंबरीवर चर्चा ठेवली. आदल्या दिवशी मी वाचून दाखवायला उतारा शोधत होते. ऐंशीवं पान उलटलं, तर पुढे पुन्हा पासष्ट. पासष्ट ते ऐंशी दोनदा आणि त्यानंतर एकदम सत्त्याण्णव. बाइंडरने सोळा पानांचा एक फॉर्मा दोनदा घातला होता आणि पुढचा विसरला होता. पलंगाखालचे गठ्ठे सोडून पाहिले, सगळ्या प्रती तशाच. प्रुफं मी चारदा तपासली होती, पण छापून आलेलं पुस्तक पहिल्या पानापलीकडे उघडलंच नव्हतं.

बाइंडरचा राग नंतर आला. आधी एकेक चेहरा आठवला. एका बैठकीत संपवलं म्हणणाऱ्या बाई, मधला भाग वाचताना डोळे भरून आले म्हणणारे निवृत्त प्राध्यापक. सहा महिन्यांत एकानेही विचारलं नव्हतं. म्हणजे माझं पुस्तक कुणीच वाचलं नव्हतं. मला रडू आलं, लपवत नाही.

चर्चेला गेले ती पोलिसाच्या नजरेने. कुणालाही काही बोलले नाही. तेच प्राध्यापक अध्यक्ष होते, आणि मधल्या भागाच्या घट्ट बांधणीवर बराच वेळ बोलले. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मी मान डोलावत राहिले आणि मनात थापाड्यांची यादी करत राहिले.

सगळ्यांत जास्त संशय मात्र शेवटच्या रांगेतल्या गृहस्थांचा. डिलाईल रोडच्या चाळीत राहणारे, सत्तरी ओलांडलेले, पूर्वी कुठल्याशा कचेरीत कारकून. प्रत्येक कार्यक्रमाला हजर, तोंडातून शब्द नाही, आणि जुन्या डायरीत सारखं काहीतरी लिहिणं. हा माणूस लोकांच्या कल्पना उचलतो, असा माझा वहीम होता. म्हणून त्यांना मी पुस्तक भेटही दिलं नव्हतं. त्यांनी ते वाचनालयातून नेलं होतं.

चहाच्या वेळी ते डायरी घेऊन जवळ आले.

"ताई, रागावू नका. ऐंशीनंतर परत पासष्ट येतं."

मी कप खाली ठेवला. कधी लक्षात आलं म्हणून विचारलं, तर चार महिने झाले म्हणाले. मग सांगितलं का नाही? एवढी शिकलेली माणसं काही बोलत नाहीत, तेव्हा ही लिहिण्याची नवी पद्धत असेल असं त्यांना वाटलं होतं. म्हणून ती पानं त्यांनी पुन्हापुन्हा वाचली. काहीच अर्थ लागेना, तेव्हा मधला भाग त्यांनी स्वतःच डायरीत लिहून काढला.

"तुमच्या गोष्टीतली ती आत्या पुढे दिसतच नाय. मेली असणार, कळत होतं. पण माझ्याच्यानं तिला मारवेना. गावी पाठवली, धाकट्या भावाकडे."

मी उभ्याउभ्याच वाचलं. कारकुनी अक्षर, साधी भाषा. आत्या ट्रंक बांधते, शेजारणीला तुळस सोपवते आणि निघते. माझ्या हरवलेल्या पानांत ती दीड पानात मेली होती, कारण तिचं पुढे काय करायचं ते मला सुचलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"तुमच्यात काय झालं तिचं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. "गावीच गेली," मी म्हणाले.

त्यांनी समाधानाने डायरी मिटली. दुसरी आवृत्ती आली की तुमची पानं ताडून बघेन, म्हणाले.

आता मी ती सोळा पानं नव्याने लिहितेय. आत्याला गावी पाठवणं भाग आहे. हा माणूस ती वाचणार, याबद्दल मला अजिबात शंका नाही.