इवायांनी मला तंबूत झोपवलं

माझ्या इवायांना 'नाही' म्हणू शकेल असा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात अजून जन्माला आलेला नाही, आणि चुकून आलाच तर ते त्याच्या बारशालाच जाऊन त्याला सायकलच्या दांड्यावर बसवतील. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. आमच्याकडे मुलीच्या बापाने इवायासमोर मान जरा खाली ठेवून बोलायची रीत आहे. ही रीत त्यांनी स्वतः कधी मानली नाही. भेटले की पाठीत थाप मारतात. मी मात्र ती इतक्या इमानाने पाळली, की कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, पंख्याच्या घरघरीशिवाय डोळा न लागणारा मी भर थंडीत बदनापूरच्या शिवारात एकटा तंबूत जाऊन झोपलो.

इवाई रेल्वेत होते. राहायला बदनापूर, नोकरी जालन्याच्या पार्सल ऑफिसात, घराजवळ स्टेशन आणि खिशात फुकटचा पास. एवढं सगळं असताना हा माणूस उभ्या नोकरीत सायकलवरून कामाला गेला. सकाळची गाडी बाजूने जायला लागली की डब्यातले ओळखीचे लोक ओरडायचे, "या की हो, जागा हाय!" त्यावर इवाई घंटी वाजवून उत्तर द्यायचे. साहेबाने एकदा विचारलं, "रेल्वेचा माणूस रेल्वेत का बसत नाही?" तर म्हणाले, "साहेब, हलवाई कधी स्वतःचे पेढे खातो का?"

त्यांची आणि माझी पहिली भेट मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात झाली. माझी लेक पोह्यांच्या बशा घेऊन आली. बाकीची मंडळी शिक्षण, स्वयंपाक, पत्रिका असल्या गोष्टींची जुळवाजुळव करत होती. इवायांनी बशी बाजूला ठेवली आणि विचारलं, "पोरी, पंक्चर काढता येतं का?" मी मनातल्या मनात ते स्थळ सोडून दिलं. लेक म्हणाली, "येत नाही, पण शिकीन." इवाई मांडीवर हात मारून म्हणाले, "बस! झालं लग्न." आणि खरोखर झालं. लग्नाला वरबाप सायकलवर आला. फेटा, जोधपुरी कोट, आणि चेनचं तेल लागू नये म्हणून पँटच्या पायाला कपडे वाळत घालायचे चिमटे. व्याहीभेटीच्या फोटोत आम्ही दोघं गळ्यात गळे घालून उभे आहोत आणि ते चिमटे स्पष्ट दिसतात.

कुठेही गेले तरी दारात उभ्या असलेल्या सायकलचं चाक अंगठ्याने दाबून बघायचं ही त्यांची सवय. हवा कमी असली तर मालकाला शोधून काढून बोलणार. सायकल नसली तर माणसाची पोटरी दाबून बघणार. माझी दोनदा दाबून बघितली. नंतर डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतो तसं माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "ईनबाई, ह्यायला लोण्यासारखं ठिवलंय तुमी." त्यांच्या मते पित्त, मधुमेह, भाऊबंदकी आणि कोर्टकचेऱ्या ही सगळी सायकल न चालवण्याची लक्षणं होती. "दोन भाऊ सायकलवर बसून भांडले असं कुठं ऐकलं का? दम लागतो. तोंड बंद राह्यतं."

दर हिवाळ्यात ते दहा-वीस सायकलवाले जमवून बदनापूरहून जालना, अंबड करत अंकुशनगरला जायचे. तिकडे साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीची कुटुंबं उतरतात. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. त्यांच्या पोरांसाठी जी साखरशाळा चालते तिथे रजया पोचवायच्या, असा तो बेत. सायकलवाल्याने आपापल्या गल्लीत जाऊन लोकांना सांगायचं, की मी सायकलवर अंकुशनगर गाठलं तर तुम्ही रजई द्यायची. रजया मागून टेम्पोने यायच्या.

त्या वर्षी त्यांनी माझं नाव परस्पर घातलं. मी जालन्यात आमच्या कॉलनीत फिरलो, तर रजयांचा पाऊसच पडला. मला आधी वाटलं, लोकांच्या मनात माझ्याबद्दल केवढा आदर! समोरच्या शेठजींनी तर ढीगभर कबूल केल्या. त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कापडाचं दुकान. पणजोबा मारवाडातून आलेले. खाली उतरताना जिन्यात त्यांचं घरातलं बोलणं कानावर आलं. "देऊन टाक जबान. साहेब इथल्या अंबड चौफुलीच्या पुढे जात नाहीत." सगळ्या कॉलनीने याच भरवशावर हात मोकळा सोडला होता. मी पोचलो नाही तर पोरांच्या अंगावर काही पडणार नव्हतं. आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ते इवाई कसले! फोन आला. "इवाई, पैल्यांदा येणाऱ्यानं आदल्या दिवशी माझ्या वावरात तंबू ठोकून एकट्यानं झोपायचं. नियम हाय."

"हा नियम कधी झाला?"

"मी केला. पैल्यांदा मी सोता झोपलो, मंग केला."

"पण एकट्यानंच का? तुम्ही या की सोबतीला."

"दोघं झोपलं की गप्पा हुतात. लेकरं कोपीत झोपून राह्यली सहा-सहा महिने. आपण येक रात कापडाखाली काढली तर काय बिघडतं? न्हाई म्हणू नका."

मी मान खाली घातली. फोनवर ती दिसत नाही हे मला नंतर सुचलं.

जावयाने पुण्याहून तंबू पाठवला होता. बायकोने बॅग भरली: रजई, शाल, उशी, दुसरी उशी, मच्छर मारायची रॅकेट, पित्ताच्या गोळ्या, कानटोपी, अमृतांजन, चिवडा, आणि देवघरातला अंगारा. एवढा संसार पाठीशी बांधून मी दुपारी बदनापूरच्या शिवारात पोचलो. इवायांनी जागा दाखवली. एका बाजूला तूर, एका बाजूला हरभरा, मधे बांधालगत मोकळा तुकडा. विहीणबाईंनी दिलेला पिठलं-भाकरीचा डबा हातात ठेवून ते म्हणाले, "येतो मी. सकाळी जल्दी उठा," आणि शीळ घालत निघून गेले.

तंबूच्या पिशवीवर एक गोरी, हसरी बाई एका हाताने तंबू उभा करताना दाखवली होती. दिवस कलायला लागला तेव्हा माझ्या मनात त्या बाईविषयी जो द्वेष होता तो मी आजवर कुणाविषयी बाळगलेला नाही, ऑडिटरविषयीसुद्धा नाही. काठ्या घातल्या तर कापड पुरेना, कापड ताणलं तर काठ्या उसळून माझ्याच अंगावर. एकदा तंबू उभा राहिला, पण दार जमिनीकडे. शेवटी तो सरळ झाला, घुमटासारखा डौलात उभा राहिला, आणि मी कौतुकाने फोटो काढायला दोन पावलं मागे सरलो. खुंट्या आधी ठोकायच्या असतात हे मला वाऱ्याने शिकवलं. तंबू उठला, हरभऱ्यावरून टप्पे घेत निघाला, आणि मागून मी.

शेजारच्या वावरात एक म्हातारी हरभऱ्याची भाजी खुडत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय धरून राह्यला, भाऊ?"

"तंबू."

"मंग त्यो काहून पळून राह्यलाय?"

मी धापा टाकत तंबूवर आडवा पडलो. तिने नीट न्याहाळलं. "येकलेच का? घरच्यायनी हाकललं जनू?"

"नाही, इवायांनी पाठवलंय." मी त्यांच्या घराच्या दिशेने बोट केलं.

"त्या सायकलवाल्यानं? मंग बराबर हाय," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीला लागली. त्या एका नावाने माझ्या सगळ्या वेडेपणाचा उलगडा तिला झाला होता. हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरचा आंबट खार, पोटऱ्यांना लागून मी संध्याकाळभर खाजवत बसलो.

रात्री तसं काहीच घडलं नाही. जे घडलं ते माझ्या मनात. तंबूबाहेर कुणीतरी गुरगुरत होतं; बराच वेळ अंगाऱ्याची पुडी मुठीत धरल्यावर कळलं की ते माझंच पोट होतं, पिठलं जास्त झालेलं. मग थंडी आली. अंगावर स्वेटर, त्यावर शाल, त्यावर रजई, तरी हुडहुडी भरली. थंडी वरून येतच नव्हती. ती जमिनीतून येत होती, पाठीतून आत शिरत होती. या कुशीवरून त्या कुशीवर वळलो की तेवढी बाजू गार. दोन्ही उशा पाठीखाली घातल्या, तर पाय गारठले. मी उद्या घरी जाईन, एवढाच विचार करून मी पहाट काढली. आणि हा विचार कोपीतल्या पोराला करता येत नाही, हे डोक्यात आल्यावर उरलेली झोपही गेली.

उजाडताना इवाई थर्मास बांधून आले. माझ्याकडे बघून हसतील म्हणून मी तयारीत होतो. ते हसले नाहीत. चहा ओतून दिला आणि शेजारी उकिडवे बसले.

"लागली झोप?"

"लागली की. मस्त."

"मला न्हवती लागली पैल्यांदा." मग त्यांनी विचारलं, "थंडी कुठून येती, कळलं?"

"खालून."

ते एकदम माझ्याकडे वळले. "खालून?"

"अहो, रजई पुरत नाही. खाली अंथरायलाच हवं काही. जाड सतरंजी नाहीतर गादी."

इवाई कप तसाच हातात धरून बसले. "मी आपला वरून दोन रजया घेऊन झोपल्तो," ते हळूच म्हणाले. "तेवढ्यानं भागलं न्हाई, तर म्हनलं आपलंच अंग जून झालं. इतकी वर्षं निसत्या रजयाच नेऊन राह्यलो मी." एवढ्या वर्षांत त्यांना असं हळू बोलताना मी प्रथमच पाहिलं, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला थोडं बरंही वाटलं. माझ्या लोण्यासारख्या अंगाचा कुणाला उपयोग झाला होता.

जावयाच्या जुन्या सायकलवरून जालन्यात शिरलो तेव्हा आमची कॉलनी रस्त्यावर उभी होती, बहुधा मला टेम्पोत चढताना बघायला. माझं ध्यान असं होतं: कानटोपीवर हेल्मेट, पँटला इवायांनी दिलेले चिमटे, पोटऱ्या लाल. मी शेठजींसमोर ब्रेक दाबला.

"अरे साहेब, तुम्ही तो खरंच निघाले!"

"शेठजी, रजया कबूल केल्यात. आता सतरंज्या पण द्या."

"हा खर्चा तर ठरला नव्हता!"

"जमिनीवर झोपून बघा एकदा. मी आत्ता तिथूनच येतोय."

शेठजींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझे दात अजून वाजत होते. ते दुकानाची किल्ली घेऊन वळले आणि जाता जाता टेम्पोवाल्याला म्हणाले, "गाडी दुकानाकडे घे." मागे इवाई कुणाला तरी सांगत होते, "माझे इवाई हायेत ते."

अंबडपर्यंत मी कसा पोचलो ते माझ्या गुडघ्यांना विचारा. अंबडनंतर सगळे पुढे निघून गेले. रस्त्याला उसाच्या गाड्या आणि त्यांच्यामागे रेंगाळणारा मी. इवाई मात्र माझ्याबरोबर राहिले. मला ओशाळं वाटत होतं. "तुम्ही व्हा पुढे," मी दोनदा म्हणालो. त्यांनी नुसती घंटी वाजवली. एका चढावर मी उतरून सायकल ढकलायला लागलो, तर तेही उतरले. तेव्हा मी नीट पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि श्वास तोंडाने चालला होता. ते माझ्यासाठी थांबत नव्हते. मी नुसतं म्हणालो, "इवाई, मला फार दम लागलाय, जरा बसू," आणि आम्ही बाभळीखाली बसलो. उठायची घाई दोघांनीही केली नाही.

साखरशाळेत पोचलो तेव्हा पोरं टेम्पोतून सतरंज्या ओढत होती. एका चिमुरडीने तिथल्या तिथे सतरंजी पसरली आणि तिच्यावर लोळून बघितलं. इवाई तिच्याशेजारी मातीत बसले आणि तिला विचारलं, "खालून गार लागतं का गं?" ती म्हणाली, "आता न्हाई."

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांची सायकल बंद केली. विहीणबाईंनी तिला कुलूप घातलं आणि इवायांनी ते मुकाट्याने घालू दिलं, हेच मला बरं वाटलं नाही. पण मोहीम चुकली नाही. त्या वर्षी ते टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी होते. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून अंबडपर्यंत मला सूचना देत राहिले. हँडल सैल धरा, पुढं बघा, तोंड बंद ठेवा. मीही मुद्दाम चुका करत राहिलो, म्हणजे त्यांना बोलायला मिळावं. अंबडच्या पुढे त्यांचा आवाज येईनासा झाला. गेल्या वर्षीचा तो चढ लागला होता. मी वळून पाहिलं. टेम्पो अगदी हळू, माझ्याशेजारून चालला होता. इवाई समोरच्या रस्त्याकडे एकटक बघत होते, आणि मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या, हँडल धरल्यासारख्या.