अप्पांनी कापलेली आतडी

गर्भाची आतडी काही आठवडे पोटात मावत नाहीत. ती सरळ नाळेत जाऊन बसतात, तिथे एक गिरकी घेतात आणि पोटात जागा झाली की परत आत येतात. म्हैसुरात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, पण हा धडा आला की मी सकाळपासूनच खुशीत असायची. पदराला पीळ देऊन गिरकी दाखवायची, आणि मागच्या बाकावर कुणी पेंगलंच तर खडूचा नेम कधी चुकायचा नाही. हा विषय रुक्ष आहे म्हणणाऱ्याशी मी आजही भांडते.

माझा प्रबंधही याच गिरकीवर होता. गर्भपात झालेला दोन महिन्यांचा एक गर्भ त्याच्या आईवडिलांनी अभ्यासासाठी दिला होता. त्याचे अतिशय पातळ काप काचेच्या स्लाइडवर लावले होते. प्रत्येक कापातलं आतडं मोठं करून पुठ्ठ्यावर रेखाटायचं, तेवढाच आकार कापायचा आणि असे शेकडो आकार एकावर एक चिकटवायचे, की आतड्याची हातात धरता येईल अशी प्रतिकृती तयार होते. संगणक नव्हते, त्यामुळे कात्रीला पर्याय नव्हता. आणि कात्री म्हटली की माझा हात लुळा पडतो.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, देवराज मोहल्ल्यात शिंप्याचं दुकान होतं. ते थोरल्या भावावर सोपवल्यापासून त्यांना घरात करमत नव्हतं, आणि डब्यांच्या जागा बदलून त्यांनी आईला भंडावून सोडलं होतं. माझं पुठ्ठा कापणं त्यांना दोन दिवसही पाहवलं नाही. तिसऱ्या दिवशी कात्री त्यांनी हिसकावूनच घेतली. मग मी रेखाटायची आणि ते कापून चिकटवायचे. आकार सरकू नयेत म्हणून प्रत्येकाला बरोबर मध्यरेषेवर, पुढे एक आणि मागे एक, अशी दोन भोकं होती आणि ती विणकामाच्या दोन सुयांवर ओवायची. चूक व्हायला जागाच नाही, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते.

दोनेक महिन्यांत प्रतिकृती निम्मी झाली आणि मी उडालेच. नाळेतल्या आतड्याचा वरचा भाग बाळाच्या उजवीकडे वळायला हवा. इथे तो डावीकडे होता. म्हणजे गिरकी उलटी. असं फार क्वचित घडतं, आणि इतक्या कोवळ्या गर्भात ते पकडणं म्हणजे माझं नाव झालंच म्हणायचं. मला स्वर्ग दोन बोटं उरला. अप्पांनी विचारलं, असं मूल जगतं का. मी म्हटलं, जगतं, पण पुढे कधीही आतड्याला पीळ पडून जिवावर बेतू शकतं. हे मी हसत हसत सांगितलं.

आणखी दोन महिन्यांनी काम पुरं झालं. माझे मार्गदर्शक प्राध्यापक मितभाषी होते. त्यांनी एवढंच सांगितलं, की प्रतिकृती घेऊन या आणि ती बनवणाऱ्यालाही आणा. अप्पा लग्नाकार्याचा कोट घालून आले. सरांनी प्रतिकृती सगळीकडून फिरवून पाहिली, सफाईचं कौतुक केलं आणि विचारलं, पेन्सिलीच्या रेषा एकाही पुठ्ठ्यावर कशा दिसत नाहीत?

अप्पा माझ्याकडे वळून आमच्या घरच्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाले, “खूण कधी वर ठेवतेत काय? ती आतल्या अंगालाच जायला पाहिजे, अल्वा?”

शिंपी कापडाच्या उलट्या बाजूला खडूची खूण करतो आणि ती बाजू आत ठेवतो. उभ्या आयुष्याच्या सवयीने अप्पांनी प्रत्येक पुठ्ठा रेषेची बाजू खाली करून चिकटवला होता. भोकं मध्यरेषेवर, त्यामुळे पालथा पुठ्ठाही सुयांवर चपखल बसला. सगळं आतडंच आरशात दिसावं तसं डावं-उजवं झालं होतं.

सर सूक्ष्मदर्शकाकडे गेले आणि त्यांनी मला बोलावलं. वरचा भाग उजवीकडेच होता. त्या स्लाइड रोज माझ्याच हाताखालून जात होत्या. एकदा डोळे उघडून पाहिलं असतं तरी कळलं असतं, पण मला बाईसाहेबांना शोध हवा होता ना! स्वतःचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही. प्रबंध पुढे झाला, सरळ आतड्यावरच झाला, पण त्या क्षणी सगळं संपलं असंच वाटत होतं. सर अप्पांना अवाक्षरही बोलले नाहीत, उलट त्यांनी आम्हाला कॉफी प्यायला पाठवलं.

कँटीनमध्ये अप्पा खुशीत होते. सांगू नये असं ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. सगळे पुठ्ठे तुम्ही पालथे लावलेत आणि मी ते तपासले नाहीत, असं सांगून टाकलं. आता हे खचणार म्हणून मला त्यांच्याकडे पाहवेना.

अप्पांनी पेला खाली ठेवला. “म्हणजे त्या लेकराचं सरळच होतं?”

“सरळच होतं, अप्पा.”

“अय्यो, दोन महिने झाले, त्या लेकराचं आतडं कापताना हात जड व्हायचा माझा. तू एवढी खूश, म्हणून बोललो नाही.”

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. मला लाज वाटली, खूप वाटली, आणि मग मीही हसायला लागले. त्यांनी दोन बशा केसरीबात मागवला. सकाळच्या वेळी कोट घालून गोड मागवणारा माणूस पाहून कँटीनवाल्याने विचारलं, घरी काही विशेष आहे का.

अप्पांनी त्याला कन्नडमध्ये सांगितलं, की मूल धडधाकट आहे.