सुभद्रामावशीची पांढरी चार

माझी मावशी सुभद्रा पाष्टे भोईवाड्यात राहायची आणि परळच्या एका गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला होती. गाणं ती कुणाकडे शिकली नव्हती. पण चाळीतल्या कुठल्या बाईचा गळा कुठवर चढतो आणि कुठे अडतो, हे तिला नेमकं ठाऊक असायचं.

सत्तावन्न सालची निवडणूक तोंडावर आली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचारासाठी माधवराव नावाच्या गिरगावातल्या तरुण मास्तरांनी भोईवाड्यातल्या बायकांचं कलापथक उभं केलं. पेटीवर मावशीचे शेजारी कोंडीराम. त्या वेळी तबकडीवरचं एक जुनं गाणं सगळ्यांच्या तोंडी होतं, बंदरावर बोटीची वाट बघणाऱ्या बाईचं. चाल संथ, सूर उंच, ऐकताना डोळे भरायचेच. माधवरावांनी त्या चालीवर नवे शब्द बसवले, ‘घाम आमुचा, गिरणी आमुची, मुंबई आमुची माय.’ लय दुप्पट केली. सूर मात्र तबकडीतलाच ठेवला, पेटीची काळी पाच, बायकांच्या गळ्याला फार उंच.

तालमीत अंतरा आला की बायका एकेक करून गप्प व्हायच्या. शेवटी एकटे माधवरावच गात राहायचे.

“मास्तर, सूर खाली घ्या,” मावशी म्हणाली. “आम्ही दिवसभर खात्यात ओरडून बोलतो. साच्यांच्या खडखडाटात दुसरं काय करणार? संध्याकाळी गळे बसलेले असतात.”

“सुभद्राबाई, मूळ चाल रडकी आहे. सूर उतरवला तर गाणंच बसेल. लोक पेटले पाहिजेत!”

“आणि गातानाच दम लागला तर?”

“सरावानं जमेल.”

ते जमलं नाही. सभेच्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. दुसऱ्याला बायका मागे पडल्या, आणि वरच्या पट्टीत माधवरावांचाच आवाज चिरकला. मागच्या बाजूनं कुणीतरी शिट्टी मारली. हशा पिकला. कोंडीरामांनी भाता थांबवला. माधवराव लालबुंद होऊन खाली बघत उभे राहिले.

मावशी पुढे झाली. ती थेट पेटीपाशी आली, असं कोंडीरामदादा पुढे मला सांगायचे.

“दादा, पांढरी चार धरा.”

“लय?”

“गिरणी सुटल्यावर आपण गेटातून बाहेर पडतो ना, तेवढी. पण पहिलं कडवं हळू.”

आणि तिनं गाणं उचललं. खालच्या, भरीव आवाजात, जुन्या गाण्याच्याच संथ चालीवर. हसणारे ऐकू लागले. वाट बघणाऱ्या बाईचं दुःख त्या सुरांत तसंच होतं. फक्त आता ती वाट बघून थकलेली वाटत नव्हती, जाब विचारायला उभी राहिल्यासारखी वाटत होती. दुसऱ्या कडव्याला मावशीनं पायानं ठेका धरला. मागच्या बायकांनीही पाय आपटले. सूर सगळ्यांच्या आवाक्यात होता, त्यामुळे अंतऱ्याला एकही आवाज गळाला नाही. तिसऱ्या कडव्याला पुरुषांनी ध्रुपद उचललं. टाळ्यांचा ठेका मागपर्यंत गेला. मघाशी जिथून शिट्टी आली होती, तिथूनच आता आरोळी आली, “मावशे, परत घे!”

तिनं चारदा घेतलं.

खाली उतरल्यावर माधवरावांनी तिला सगळ्यांसमोर हात जोडले. “सुभद्राबाई, माझं चुकलं. उद्यापासून पथक तुम्ही चालवा.”

“शब्द तुमचेच आहेत, मास्तर,” ती म्हणाली. “ते लिहीत राहा. गळ्यांचं मी बघते.”

पुढची तीन वर्षं तिनं ते बघितलं. लालबाग, चिंचपोकळी, गिरगाव, जिथे सभा तिथे दिवसपाळी संपवून मावशी हजर. सुरू करण्याआधी समोरच्या बायकांशी दोन शब्द बोलायची आणि त्यांचे आवाज ऐकून मग कोंडीरामांना पट्टी सांगायची.

साठ सालच्या एक मे रोजी, महाराष्ट्र झाला त्या सकाळी, परळहून मिरवणूक निघाली. मावशी हिरवं लुगडं नेसून सर्वांत पुढे होती. तिनं गाणं नेहमीच्या लयीत सुरू केलं. पण गल्ल्यागल्ल्यांतून माणसं येऊन मिळत गेली आणि गाणं पळायलाच लागलं. “हळू रे, हळू!” ती ओरडत होती. कोण ऐकतंय? हिंदमाता सिनेमापाशी पोचेपर्यंत सगळी मिरवणूक तिला ओलांडून पुढे गेली, आणि मावशी एका दुकानाच्या पायरीवर बसून धापा टाकत, पदरानं डोळे पुसत, खदखदून हसत राहिली.