दहा हजार किलोमीटर लांबची लेक

पलूसच्या एसटी स्टँडवर निरोप देताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच प्रश्न तीनदा विचारला. "इमानाला किती येळ लागतो?" मेलबर्नला थेट विमान, बारा-तेरा तास, मी सांगितलं. ते शेजारी उभ्या धाकट्या भावाकडे वळले. "ऐकलंस का तात्या? एका दिवसाची वाट. पोरगी लांब न्हाई गेली." तात्यांनी मान डोलावली.

ती मान मी विसरणार नाही.

अण्णा जन्मभर पत्रकं वाटत आले. पाण्याची, मजुरीची, आणि दरवर्षी न चुकता एक: वारसा लेकीचाही. शाळा सुटली की त्यांच्या घड्या घालायचं काम माझं. आता मी इथं वृद्धाश्रमात नर्स आहे. रोस्टर बघते, ट्रॅम पकडते. पण चिडले की पत्रकाच्याच भाषेत चिडते.

अण्णा एका सकाळी गेले. मी ड्यूटीवरून तशीच विमानतळावर धावले. वाटेत तिकीट काढलं, तात्यांना फोन केला: निघालेय, थांबा. तिकडे अंगणात कुणीतरी मोबाइलवर अंतर काढलं. "दहा हजार किलोमीटर हाय गड्या! कवा यायची ती?" त्याच आकड्याखाली विमानाला लागणारा वेळही दिसत होता. तो कुणी वाचला नाही. आई सांगत राहिली, "आवं, उद्या हितं आसंल ती." दिवस मावळायच्या आत अण्णांना अग्नी दिला. मी तेव्हा विमानात, समुद्राच्या वर होते, पट्टा बांधून.

आता हे ऐका. आजोबा गेले तेव्हा तात्यांचा विक्रम फौजेत होता, अरुणाचलच्या सीमेवर. डोंगर उतरून गाडी, मग रेल्वे, मग एसटी. त्याच्यासाठी याच भावकीनं आजोबांना दोन रात्री बर्फावर ठेवलं. लाद्या तात्यांनीच आणल्या. योग्यच केलं. पण घड्याळ लावून बघा, विक्रम माझ्यापेक्षा लांब होता.

मी पोहोचले ती राख सावडायला. तात्यांना सगळ्यांसमोर विचारलं.

"आगं, त्यो फौजी गडी. त्याचं येगळं."

"फौजी म्हणून थांबलात, का पोरगा म्हणून?"

"आल्या आल्या भांडायलीस व्हय? आदी च्या घे."

चहा मी घेतला नाही. दहा हजार किलोमीटर हे निमित्त होतं. मला तासाभरावरच्या शिराळ्याला दिली असती, तरी माझ्या वाटेत हेच अंतर आडवं आलं असतं.

तेवढ्यात आई उठली. भावकीपुढं कधी आवाज न काढलेली माझी आई. "भावजी, आज समदी हायती म्हणून सांगते. माझ्या वक्ताला ही आल्याबिगर मला हात लावायचा न्हाई."

"वैनी, आसलं वंगाळ बोलू नगा."

"बर्फ तुमीच आणायचा. दुकान ठावं हाय तुमाला."

तात्यांनी मान खाली घातली. या वेळी ती डोलली नाही.

परदेशी गेलेल्या लेकींनो, हे आजच घरी बोलून घ्या, सगळ्यांसमोर. आणि गावाकडच्यांनो, मोबाइल काढाल तेव्हा खालची ओळही वाचा. अण्णांचं तोंड मला दिसलं नाही, ते आता दिसणार नाही. त्या अंगणात माझं म्हणावं असं एकच उरलंय, आईचा तो हुकूम. त्यालाच मी घर म्हणते.