शेवटी ते जनावर मरतं की जगतं?

"शेवटी ते जनावर मरतं की जगतं? एवढं एकच सांग," काळमेघ साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी टेबलासमोर उभा होतो. टेबलावर माझेच तीन रिपोर्ट पसरले होते. हिंगणी, सिंदी आणि कारंजा. तिन्ही गावांत तो पिक्चर मी स्वतः दाखवला होता. तरी मला उत्तर देता येत नव्हतं.

"सर, गावावर अवलंबून आहे," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चष्मा खाली आला की समोरच्याचं काही खरं नसे.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. वर्ध्याला, गावोगाव प्रचाराचे सिनेमे दाखवणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मी फिल्म ऑपरेटर होतो. एक जीप, एक सोळा एमएमचा प्रोजेक्टर, एक जनरेटर, एक पांढरा पडदा आणि गुलाबराव नावाचे ड्रायव्हर, एवढा आमचा संसार. मी अजून प्रोबेशनवर होतो. म्हणजे साहेबांनी चांगला शेरा दिला तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. माझी फाईल त्याच टेबलाच्या खणात होती. नुकतंच लग्न झालं होतं आणि सासरेबुवा भेटतील तेव्हा "परमनंट झाले का?" एवढंच विचारत. जेवलात का, हे सुद्धा त्यानंतर.

एरवी आमच्या पेटीत खतं, लसी आणि छोटं कुटुंब यांच्यावरचे पिक्चर असत. पण त्या महिन्यात वरच्या ऑफिसातून एक परदेशी कार्टून आलं. अवाढव्य जनावराचं. भाषा कुठली ते कोणालाच सांगता येईना. सोबत हुकूम होता: भाषा कळत नसतानाही खेड्यातल्या लोकांना विषय कळतो का, ते पाहावे. प्रत्येक शोनंतर दहा जणांचे अभिप्राय फॉर्मवर घ्यावेत. फॉर्मचा चौथा रकाना असा होता: 'चित्रपटाचा मुख्य विषय काय वाटला? एका ओळीत.'

त्या एका ओळीने माझी झोप उडवली.

पहिला शो हिंगणीच्या शाळेत, दुपारी. खिडक्यांना पोती लावून अंधार केला. पोरांसाठी शो होता, पण अर्धं गाव आत शिरलं. शो संपल्यावर फॉर्म भरून घेतले. गुरुजींनी लिहिलं, 'अणुबॉम्बचे दुष्परिणाम.' एका शेतकऱ्याने लिहिलं, 'रानातल्या जनावराले डिवचू नये.' एकाने लिहिलं, 'बोर धरणात असं काही आहे का ते सरकारने तपासावे.' यमुनाबाई नावाच्या एक बाई होत्या. वांगी, मेथी पिकवून आजूबाजूच्या बाजारांत विकायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'मेलं ते बरं नाई झालं.'

दोन दिवसांनी सिंदी रेल्वेला कापसाच्या एका जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये शो झाला. तिथले फॉर्म वाचून मी खूश झालो. जिनातल्या दिवाणजींनी लिहिलं, 'रागावलेला जीव प्रेमाने लहान होतो.' कापसाच्या एका अडत्याने, 'शेवट गोड आहे, पोराबाळांना दाखवावा.' एकाने तर, 'पुनर्जन्म सत्य आहे याचा पुरावा.'

तिसरा शो कारंजा घाडग्यात, हायवेवरच्या एका ढाब्याच्या मागे, संध्याकाळी. ट्रकवाले खाटांवर बसून पाहत होते. तिथे फॉर्म भरण्याआधीच भांडण लागलं.

"त्याची काय गलती होती? काऊन मारलं त्याले?" एक ट्रक ड्रायव्हर तावातावाने म्हणत होता.

"अबे, शहर तुडवून राह्यला होता तो! मारन नाई तं काय पूजा करन?" ढाबेवाला म्हणाला.

"शहरानं आधी त्याच्या अंगावर रणगाडे आणले नं? मंग?"

अर्धा तास हे चाललं. फॉर्मवर एकाने लिहिलं, 'शहरात अवजड वाहनांना बंदी असावी.' दुसऱ्याने, 'बंदी नसावी.'

हे सगळं मी प्रामाणिकपणे नीट जोडून साहेबांकडे पाठवलं, आणि आता टेबलासमोर उभा होतो.

"हिंगणीत मरतं. सिंदीत जगतं. कारंज्यात पुन्हा मरतं," साहेब म्हणाले. "तू काय बघत होतास?"

"सर, लूप."

हे जरा सांगायला हवं. प्रोजेक्टरमध्ये फिल्म लावताना भिंगाच्या वर आणि खाली थोडी सैल सोडावी लागते. त्या सैल वळणाला लूप म्हणतात. लूप गेला की चित्र उड्या मारतं, फिल्म फाटते आणि ऑपरेटरला मेमो मिळतो. म्हणून मुरलेला ऑपरेटर पडद्याकडे पाहतच नाही. तो लूपकडे पाहतो आणि कान मशीनच्या आवाजाकडे देतो. तोवर माझे शंभरेक शो झाले असतील, पण मी पिक्चर म्हणून त्यातला एकही पाहिला नव्हता. ते जनावर अंगाने घोरपडीसारखं आणि मानेने बैलासारखं आहे, हे सुद्धा मला फॉर्ममधूनच कळलं होतं.

साहेबांना हे पटलं नाही. "तू शो केलेच नाहीस. ढाब्यावर बसून चहा पीत फॉर्म भरलेस," ते म्हणाले.

आमच्या धंद्यात असं करणारे होते, नाही म्हणत नाही. पण मी केलं नव्हतं. मला राग आला. पण बोलणार काय? ते तीन कागद मलाही खोटेच वाटायला लागले होते.

"गुरुवारी हिंगणीला पुन्हा शो लाव. मी समोर बसून पाहतो. तुझी फाईल त्यानंतर बघू."

गुरुवारपर्यंत ऑफिसातच पिक्चर लावून पाहावा, असा विचार आला. पण प्रोजेक्टरच्या लॅम्पचा तास न् तास लॉगबुकात लिहावा लागे, परवानगीशिवाय मशीनला हात लावता येत नसे. परवानगी देणार काळमेघ साहेबच. मग मी गुलाबरावांना गाठलं.

"गुलाबराव, ते जनावर शेवटी मेलं का हो?"

"मी तं जनरेटरजवळ असतो, भाऊ. मले निस्ता त्याचा आवाज येते," ते म्हणाले. "सिंदीले पह्यलेच लय बोंबललं, एवढं आठवते. मंग शेवटी गप होतं."

हे ऐकून माझा गोंधळ आणखी वाढला.

गुरुवारी हिंगणीत जीप थांबते न थांबते तोच यमुनाबाई समोर आल्या. डोक्यावर पदर, कंबरेला खोचलेला विळा, सरळ वावरातून आल्या होत्या.

"भाऊ, आज नीट दाखवजो. ह्या गावानं मले खोटारडी ठरवली," त्या म्हणाल्या.

"काय झालं, बाई?"

"इथं पाह्यलं तेव्हा ते मेलं. मंग मी सिंदीच्या बाजारात भाजी घेऊन गेलती. तिथं पुन्हा पाह्यला तुमचा सिनेमा. तिथं ते जगलं. मी इथं येऊन सांगतलं, तं समदे हासून राह्यले. म्हणे, यमुनाबाईले ऊन लागलं."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. म्हणजे माझे फॉर्म खरे होते. पण फॉर्म खरे, तर मग पिक्चरला काय झालं होतं? एकच फिल्म दोन गावांत दोन शेवट कसे दाखवेल? मशीन माझं, रिळं माझ्या ताब्यातली.

शाळेत साहेब पुढच्या खुर्चीत बसले. मागे सगळं गाव. मी पेटी उघडली, वरचा डबा काढला, पहिलं रीळ लावलं आणि सवयीने लूपवर नजर ठेवली.

दहा मिनिटं झाली असतील नसतील, हॉलमध्ये गलका सुरू झाला.

"अरे, हे तं मेलं होतं नं? शेवटचं पह्यले काऊन लावलं?"

"लायनीनं दाखवा नं भाऊ!"

मी मान वर केली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. रंगीत तळं होतं. ते प्रचंड जनावर जखमी होऊन हळूहळू पाण्यात बुडत होतं आणि काठावर एक लहान मुलगी रडत होती. पाणी मिटलं, कुठल्याशा भाषेतली अक्षरं आली आणि रीळ संपलं.

"असंच! असंच होतं सिंदीले!" यमुनाबाई उभ्या राहून ओरडल्या. "पह्यले ते पाण्यात बुडते. मंग शहरात दंगा करते. आन शेवटी त्या पोरीच्या हातावर एवढुसं होऊन बसते. आता सांगा, कोन खोटं?"

साहेब उठून माझ्याकडे आले. पेटीत वाकून पाहिलं.

"रिळांवर नंबर कुठे आहेत?"

"परदेशी स्टिकर होते, सर. घासून गेलेत. आणि रीळ गुंडाळताना दिसतं, प्रत्येकाच्या सुरवातीला नाव येतं, शेवटी अक्षरं येतात. मला वाटलं, तीन वेगळ्या गोष्टी आहेत."

"मग कुठलं आधी लावायचं ते कसं ठरवतोस?"

"वरचा डबा पहिला, सर."

"आणि शो संपल्यावर?"

"दाखवून झालेला डबा बाजूला ठेवतो. त्यावर पुढचा, त्यावर त्याच्या पुढचा. तीच चळत उचलून पेटीत."

बोलता बोलताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटी दाखवलेला डबा सगळ्यांत वर राहायचा. पुढच्या गावी तोच पहिला लागायचा. प्रत्येक शोला पिक्चर उलटा होत होता. हिंगणीत सरळ, सिंदीत उलटा, कारंज्यात पुन्हा सरळ. आज उलटा. आम्ही सगळे ऑपरेटर डबे असेच ठेवत होतो. पण एरवी डब्यांवर नंबर असत, म्हणून कधी अडलं नव्हतं.

फॉर्म खोटे नव्हते, पण माणूस बावळट ठरला होता, आणि साहेबांच्या समोर.

"मशीन बंद कर. पहिल्यापासून बरोबर लाव," साहेब म्हणाले.

"नाई साहेब, असंच चालू द्या," यमुनाबाई म्हणाल्या.

साहेब वळले. "बाई, ही चूक आहे. गोष्ट उलटी चालली आहे."

"असन चूक. माह्यं माहेर त्या बोर धरणाच्या पाण्याखाली गेलं, साहेब. उन्हाळ्यात पाणी उतरलं का आमी बहिणी काठावर जातो. देवळाचा ओटा दिसते का पाह्यतो. एखाद्या साली दिसते, एखाद्या साली नाई. बाकी काई वापस येत नाई. इथं जे पाण्यात गेलं, ते वापस येऊन राह्यलं. मले ते पाह्यचं आहे."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारे म्हणाले, "चालू द्या साहेब. सरळ तं आमी पाह्यला एकडाव."

साहेब खुर्चीत जाऊन बसले. मी दुसरं रीळ लावलं.

त्या दिवशी मी उरलेली दोन्ही रिळं पाहिली. लूपकडे बघायचंच विसरलो, आणि लूपनेही माझी लाज राखली. शेवटी ते जनावर पालीएवढं होऊन त्या मुलीच्या ओंजळीत बसलं, आणि तिने त्याला कसलंसं पान खायला दिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. यमुनाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला कोपराने ढोसलं, "पाह्यलं?"

फॉर्म भरायची वेळ आली. साहेबांनी स्वतःचा फॉर्म आधीच भरून ठेवला होता. चौथ्या रकान्यात त्यांनी 'मानव विरुद्ध निसर्ग' असं लिहिलं होतं. ते त्यांनी खोडलं. दुसरं काही न लिहिता खाली सही केली.

परतताना जीपमध्ये, सेलू आलं तेव्हा साहेब म्हणाले, "सरळ लावलेलं बघितल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही, खरा विषय काय ते." मग थोड्या वेळाने, "आणि सरळ म्हणजे तरी कुठलं? ते पण पेटीत डबे जसे आले तसं."

पुढच्या आठवड्यात मला दोन कागद मिळाले. पहिला मेमो होता. रिळांच्या क्रमाबाबत निष्काळजीपणा, सबब प्रोबेशन सहा महिने वाढवले. दुसरा माझ्या रिपोर्टवरचा साहेबांचा शेरा होता: 'सर्व अभिप्राय अस्सल आहेत.' सासरेबुवांना मेमोबद्दल सांगायला मला चार दिवस लागले. शेरा मात्र बायकोला त्याच दिवशी वाचून दाखवला.

महिनाभराने वरच्या ऑफिसातून त्या पिक्चरचं माहितीपत्रक आलं. ते पेटीसोबतच यायला हवं होतं. मी आणि साहेबांनी ते एकाच टेबलावर वाकून वाचलं. रिळे: तीन. विषय: मनोरंजन. संदेश: निरंक. सरकारी कागदात काहीच नसलं की निरंक लिहितात. रिळांच्या क्रमाबद्दल एक अक्षर नव्हतं.

साहेबांनी कागद घडी करून माझ्याकडे दिला. "फाईलला लाव," एवढंच म्हणाले.

सहा महिन्यांनी मी परमनंट झालो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक डब्यावर मी लाल ऑइलपेंटने नंबर टाकला. नव्या ऑपरेटरांना दोनच गोष्टी सांगायचो. डब्यावर नंबर टाका, आणि निदान एकदा तरी पडद्याकडे बघा.

त्या एका पिक्चरच्या डब्यांवर मात्र मी नंबर टाकला नाही. पेटी परत पाठवायच्या दिवशी ब्रश हातात घेतला होता. पण 'एक' हा आकडा कुठल्या डब्यावर काढायचा, ते ठरेना.

अजून कोणी ती गोष्ट काढतं आणि विचारतं, शेवटी ते जनावर मेलं की जगलं? मी आधी विचारतो, तुम्ही कुठल्या गावचे?